सानपाड्याचा ना-हरकत दाखला आणि बोनकोड्याची कालवं

प्रवासाहून परतलेला माणूस सहसा डोंगर, समुद्र आणि देवळे यांविषयी लिहितो. मी एका गाळ्याविषयी, एका बाटलीविषयी आणि एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेविषयी लिहिणार आहे. कारण जानेवारीतल्या तीन दिवसांत नवी मुंबईत जे पाहिले, त्याने चढलेला माझा रक्तदाब अद्याप उतरलेला नाही. नाशिक ते सानपाडा या बसप्रवासाचे वर्णन मी गाळतो. त्या बसच्या न लागणाऱ्या खिडकीसंबंधी आगार व्यवस्थापकांना स्वतंत्र पत्र गेलेले आहे, आणि जिथे स्वतंत्र पत्र आहे तिथे पुनरुक्ती नको.

शुक्रवार, सानपाडा

वैशाली ही माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी. तिचे सासर बोनकोड्याचे, म्हणजे नवी मुंबई वसण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे असलेल्या आगरी गावचे. गावची शेती शहराखाली गेली. पुढे त्या कुटुंबाने सानपाड्यातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा घेतला आणि तो वैशालीच्या सासूबाई हिराबाई यांच्या नावावर केला. त्या गाळ्यात दोघी मिळून आठ टेबलांची खानावळ चालवतात. रांधतात हिराबाई, आणि बाकी सर्व वैशाली पाहते.

दुपारची गर्दी मी स्वतः पाहिली. तांदळाच्या भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात पडत होत्या. संध्याकाळी मात्र टेबले ओस. समोरच्या कार्यालयांतून सुटलेली माणसे दारात येतात, "वाईन-बिअर आहे का?" असे विचारतात आणि पुढे जातात.

"मामा, नुसत्या दुपारवर किती दिवस रेटणार?" वैशाली म्हणाली. "लायसन्सचा अर्ज केलाय. फक्त वाईन. पण सोसायटीचा ना-हरकत दाखला मागितलाय, आणि रविवारी त्यावर मीटिंग आहे. जाम टेन्शन आलंय. एजंटने पत्र लिहून दिलंय, तुम्ही फक्त नजर टाका."

मी जिल्हा न्यायालयात हयात घालवली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. 'फक्त नजर टाका' हे शब्द ऐकले की माझा हात चष्म्याकडे जातो. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते: 'वाईन ही दारू नसून द्राक्षांचा पौष्टिक रस आहे.'

"हे कोणी लिहिले?"

"एजंटने. सगळे असंच लिहितात, मामा."

"सगळे असत्य लिहितात म्हणून ते सत्य होत नाही! पौष्टिक रसच असेल तर परवाना कशाला मागतेस? उसाच्या गुऱ्हाळवाल्याने कधी मागितला? कायद्याच्या दृष्टीने हे मद्य आहे. मद्य म्हणूनच परवानगी माग, मान वर करून माग."

ती हसली. "तुम्ही कधी प्यायलात तरी का?"

हा प्रश्न रास्त होता. द्राक्षांच्या जिल्ह्यात जन्म काढला. छाटणीपासून बेदाण्यापर्यंत सर्व पाहिले. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जागोजाग ज्या वायनरी उभ्या राहिल्या त्यांच्या फाटकाच्या आत मी पाऊल टाकले नव्हते. आणि ज्याची शहानिशा मी स्वतः केलेली नाही, अशा एकाही वाक्याच्या मसुद्याला माझा हात लागत नाही. तेव्हा ठरले असे, की दुसऱ्या दिवशी वैशालीला खानावळीत जी ठेवायची होती तीच बाटली आणायची, बोनकोड्याला हिराबाईंच्या घरी त्यांच्याच पदार्थांसोबत तिची परीक्षा घ्यायची, आणि मगच पत्र लिहायचे. या संतापात मी पत्राचे दुसरे पान मागितले नाही. ती माझी चूक होती. ती मी इथे नोंदवून ठेवतो.

शनिवार सकाळ, वाशी

आमच्या राज्यात मद्य विकत घेण्यास, बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, हे वाशीतल्या एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नसावे. दुकानात माझ्यापुढे सात जण होते. सातही जण हात पुढे करून पिशवी घेऊन गेले. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "प्रथम मला एक दिवसाचा परवाना द्या."

दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले. "काका, कोण बघतंय?"

"मी बघतो आहे."

"इन्स्पेक्टर आहात का?"

"नागरिक आहे."

मागून कुणीतरी म्हणाले, "ओ अंकल, लवकर आटपा ना, सुट्टीचा दिवस आहे." मी मागे वळलो आणि त्या गृहस्थाला विचारले, की आपला परवाना आपल्या खिशात आहे काय. तो मोबाइलमध्ये पाहू लागला. अखेर गल्ल्याखालून, रबर लावलेल्या रिकाम्या खोक्यांच्या मागून, परवान्यांचे पुस्तक निघाले. त्यावरची धूळ फुंकताना दुकानदारालाच शिंक आली. माझे नाव, वय आणि दिनांक लिहून कागद माझ्या हाती आला, तेव्हा तो म्हणाला, "वर्षभरात तुम्ही पहिलेच." हे त्याने कौतुकाने म्हटले, आणि माझा संताप दुप्पट झाला.

त्याहून मोठा गुन्हा पुढेच होता. वैशालीला हवी असलेली पांढरी वाईन काचेच्या दर्शनी कपाटात, थेट उन्हात उभी होती. बाटली हाताला कोमट लागली. आमचा शेतकरी द्राक्षाला ऊन लागू नये म्हणून घडाघडावर कागद गुंडाळतो, पहाटे थंडीत तोडणी करतो. आणि ती सगळी निगा वाशीतल्या एका काचेमागे अशी शिजत ठेवायची?

"आतली द्या," मी म्हणालो. "अंधारातली."

त्याने आतली दिली. ती थोडी कमी कोमट होती, इतकेच.

शनिवार दुपार, बोनकोडे

कोपरखैरण्याच्या सरळ रेषेतल्या रस्त्यांवरून बोनकोड्यात शिरले, की रस्ता अचानक हवा तसा वळू लागतो. हिराबाईंचे घर तीन मजली. पण मागच्या बाजूस एवढी जागा त्यांनी राखली आहे, की तिथे चूल पेटते आणि दोरीवर बोंबील वाळतात. हिराबाई सत्तरीच्या, ठेंगण्या आणि आवाजाने खणखणीत.

"या भाऊ, बसा. वैशू सांगत व्हती, मामा दारू प्यायला येतान म्हनून."

"परीक्षेसाठी, विहीणबाई."

"हां, हां. आमचे हे पन परीक्षाच घेत. रोज." त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, तळाला हात लावला आणि तोंड वाकडे केले. "ही तर तापलीया. मासली अशी आनली असती त मी परत धाडली असती."

मासळीसाठी आणलेल्या बर्फाच्या पेटीत त्यांनी बाटली मानेपर्यंत पुरली. एका शब्दाची शिकवणूक नसताना, पांढऱ्या वाईनसाठी जे करायला हवे ते त्या बाईंनी केले. दुकानदाराला ते जमले नव्हते.

बाटली गार होईपर्यंत मी तिच्या पाठीवरचा मजकूर वाचत बसलो. मजकूर संपूर्ण इंग्रजीत. वाईन आमच्या जिल्ह्यातली, माती आमची, पाणी आमच्या धरणाचे. आणि सोबत काय खावे, तर शतावरीचे कोवळे कोंब, शेळीच्या दुधाचे चीज आणि ऑयस्टर! मी तो मजकूर मराठीत सांगू लागलो आणि ऑयस्टरपाशी अडलो.

"कालवं, मामा," वैशाली म्हणाली. "खडकाला चिकटलेली असतात ती."

हिराबाईंनी हातातला कोयता खाली ठेवला. "कालवं? ती या बाटलीवर लिवलीत?"

"इंग्रजीत लिहिली आहेत."

"अगो बाय! माजी सासू ओहटीला खाडीत जाऊन कोयत्यानी कालवं फोडायची. लोक नाक मुरडायचे, खारीतली मानसां काय पन खातात म्हनून. आता इंग्रजीत खातात?" त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "आता आपल्या खाडीत मिलत नाय. उरनवरून आनलीत. थांबा, तीच आधी देते."

आता, ज्यांनी ही चव घेतलेली नाही त्यांच्यासाठी मी जबाबदारीने लिहितो. वाईन पेल्यात ओतली तेव्हा रंग जवळपास पाण्याचा. कडेला फक्त कागदी लिंबाच्या सालीची फिकट हिरवट झाक. वास घेतला. तो ओळखीचा निघाला, आणि त्याचेच मला आश्चर्य वाटले: गुरांसाठी नुकता कापलेला लसूणघास, कैरीची साल, मागे कुठेतरी अर्धकच्चा पेरू. पहिल्या घोटाला जीभ आखडली. द्राक्ष म्हणजे गोड, अशी आयुष्यभराची समजूत. इथे गोडीचा मागमूस नव्हता. वैशालीने सांगितले की द्राक्षातली सगळी साखर आंबताना संपू देतात, म्हणून हिला ड्राय म्हणायचे. राहतो तो आंबटपणा, सरळ आणि स्वच्छ, आणि शेवटी लिंबाची बी चावल्यासारखा किंचित कडू धागा. आवडली का, असे विचाराल तर पहिल्या घोटाला नाही.

मग कालवं आली. ओल्या खोबऱ्यात, हिरव्या मिरचीचा नुसता स्पर्श दिलेली. त्यांत खाडीचे मीठ होते. एक घास, एक घोट, आणि त्या मिठाने वाईनमधली कैरी जागी केली. जो आंबटपणा मघाशी एकटाच उभा होता, त्याला बसायला जागा मिळाली. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या ओल्या बोंबलाचेही तेच: तळणीचा तेलकटपणा प्रत्येक घोटासरशी धुऊन निघत होता.

अंगणात पोपटी लावली होती. आमच्याकडे हुरडा असतो तशी त्यांची ही पोपटी: मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, मडके उपडे करून भोवती पेंढ्याचा जाळ. मडके उघडले आणि भांबुर्ड्याचा तो रानवट वास आला, तेव्हा मी पेला पुन्हा नाकाशी नेला. दोन्ही वास सख्ख्या चुलत भावांसारखे होते. हे लेबलवर का नाही? शतावरीचे कोंब निफाडच्या किंवा बोनकोड्याच्या कुठल्या माणसाने आजवर जेवणात पाहिले आहेत?

मात्र जे जमले नाही तेही लिहिले पाहिजे. लाल तिखटाच्या कालवणासोबत ती वाईन नुसती जाळते. तिखट आणखी भडकते. कोकमाच्या आंबटापुढे ती पाणचट पडते. आणि भाजलेल्या जवळ्याच्या चटणीसोबत घेतलेला घोट असा लागला, जणू कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले होते.

"नाय जमत?" हिराबाईंनी विचारले.

"नाही जमत."

"मंग जवल्यासंग नका पिऊ. जवल्याला भाकर पुरते. परत्येक वाटीला बाटली कशाला पायजे?"

मी आयुष्यात ऐकलेल्या निवाड्यांत हा एक उत्तम निवाडा होता.

जेवण झाल्यावर वैशालीने पिशवीतून एजंटचे पत्र काढले. "मामा वरचा भाग बदलून देतील. आई, तुम्ही दुसऱ्या पानावर सही करून ठेवा. गाळा तुमच्या नावावर आहे ना, सभासदाचीच सही लागते." हिराबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि पेन घेतले.

"थांबा," मी म्हणालो. "वाचून दाखवल्याशिवाय सही नाही."

"मामा, नेहमीचंच आहे हो त्यात."

न्यायालयात प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला मजकूर वाचून दाखवतात, समजला का ते विचारतात, आणि मगच सही घेतात. अंगठेबहाद्दरापासून कारखानदारापर्यंत यात अपवाद नाही. हजारो कागद मी असे वाचून दाखवले आहेत. मी कागद हातात घेतला.

"मामा, ते नका वाचू. प्लीज."

मी वाचले. मोठ्याने वाचले. 'गाळ्यात यापुढे जवळा, सुकट, सुके बोंबील अथवा कोणतीही सुकी मासळी शिजवली किंवा भाजली जाणार नाही. त्याऐवजी पाश्चात्त्य पद्धतीचे हलके खाद्यपदार्थ देण्यात येतील.' त्याखाली सहीसाठी रेघ, आणि रेघेखाली हिराबाईंचे पूर्ण नाव.



"सेक्रेटरी म्हणाले, एवढं लिहून दिलं तर विरोध होणार नाही," वैशाली खाली पाहत म्हणाली. "आई, मी तुम्हाला सांगणारच होते. लायसन्स हातात आल्यावर."

हिराबाईंनी पेनाला टोपण लावले. उरलेली जवळ्याची चटणी त्यांनी डब्यात भरली, झाकण दाबून बसवले आणि मला म्हणाल्या, "भाऊ, दुसरा कागद लिवा. वाचून दावा. मंग सही करीन."

मी लिहिला. कमालीच्या रागात लिहिला, आणि तरीही त्यात एकही विशेषण ठेवले नाही. तीनच कलमे होती: वाईन हे मद्य आहे आणि मद्य म्हणूनच परवानगी मागत आहोत, वाईन फक्त जेवणासोबत, टेबलाशी बसलेल्यांनाच दिली जाईल, खानावळीत आज जे पदार्थ शिजतात ते सर्व पुढेही शिजतील. वाचून दाखवला. सही झाली. त्या सबंध वेळात वैशाली माझ्याशी बोलली नाही, आणि परतीच्या रिक्षातही नाही.

रविवार, पुन्हा सानपाडा

सभा इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेत भरली. सचिव देशमाने नावाचे गृहस्थ. मी उभा राहून पत्राची पार्श्वभूमी सांगू लागताच त्यांनी हात वर केला. "साहेब, आपण सभासद नाही. सभेत बोलता येणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो अधिक झाला, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते. सभासद नसलेल्याला सर्वसाधारण सभेत मत मांडता येत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांना हेच ऐकवले आहे. मी खाली बसलो. वैशालीही सभासद नव्हती. बोलू शकत होत्या त्या एकट्या हिराबाई.

त्या उठल्या. पत्र देशमान्यांनीच वाचून दाखवले, आणि तिसऱ्या कलमाशी आवाज जरा उतरला.

"वाईनचं काय, ते चालेल हो," मागून एक जण म्हणाला. "आजकाल सगळीकडे आहे. उलट सोसायटीची जरा शान वाढेल."

"प्रॉब्लेम त्या वासाचा आहे," दुसऱ्या बाई म्हणाल्या. "सुक्या माशांचा. पाहुणे येतात घरी."

"आधी तर असं ठरलं होतं ना," देशमाने वैशालीकडे पाहत म्हणाले, "की ते पदार्थ बंद होतील?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. दारूला हरकत नाही! ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे तिथे पिढ्यान्‌पिढ्या जे शिजले, त्याला हरकत आहे! आणि मला तोंड उघडण्याचा अधिकार नाही.

हिराबाई म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, आताच बोलले ते वहीत लिवा."

"काय लिहू?"

"हेच. दारू चालंल, सुकी मासली चालनार नाय. आनि कोन बोलला त्याचा नाव लिवा. माजा नाव माज्या कागदावर हाय. यांची पन नावं असू द्या."

देशमान्यांचे पेन इतिवृत्ताच्या वहीवर टेकलेले राहिले. "हं, कोणाच्या नावाने लिहू?" त्यांनी विचारले. मागच्या माणसाने मोबाइल कानाला लावला. त्या बाई म्हणाल्या, "माझ्या नावाने नको. मी आपलं सहज बोलले." आणखी एकाने सुचवले, की 'काही सभासदांनी' असे लिहावे.

"काही म्हंजे कोन?" हिराबाईंनी विचारले.

सूचक मिळाला नाही, त्यामुळे अनुमोदकाचा प्रश्नच आला नाही. हरकत नोंदलीच गेली नाही, आणि जी हरकत नोंदलेली नाही ती हरकत नव्हे. तीन कलमांसह दाखला मंजूर झाला. देशमाने जाता जाता मला म्हणाले, "बघा, सगळं गोडीगुलाबीनं झालं." मी त्यांना उत्तर दिले नाही, त्यासाठी पत्र लिहिलेले आहे. दुसरे पत्र वाईन कंपनीला गेले, लेबलसंबंधी, आणि त्यात पोपटीची कृतीही जोडली आहे.

दाखल्याची प्रत घेऊन आम्ही तिघे गाळ्यात आलो. वैशालीने ती प्रत सासूबाईंपुढे ठेवली आणि उभीच राहिली.

"आई, चुकले मी."

हिराबाई भाकरीचे पीठ परातीत घेत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "जवल्यावर रेघ मारलीस, ते मी इसरले. धंद्यात असा डोका चालवावाच लागतो. पन मना न वाचता सही कर बोललीस, ते मी इसरनार नाय."

वैशालीने माझ्याकडे पाहिले. मी मध्यस्थी करावी, एखादा मवाळ शब्द टाकावा, असे तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेले होते, आणि बहिणीची मुलगी म्हणून तो टाकावा असे मलाही क्षणभर वाटले. मी पिशवी उचलली. त्या निकालावर अपील नाही, आणि ते नसावे असेच माझे मत आहे.